जावास्क्रिप्टच्या पुढच्या आवृत्तीत मला काय हवंय? मालवणच्या किनाऱ्यावरून पाच मागण्या

आज एक गोष्ट सांगून सुरुवात करतो. त्यात हसं माझंच झालेलं आहे.

आमच्या काकांचं तारकर्लीजवळ छोटंसं होमस्टे आहे. तीन खोल्या, पुढे पडवी, मागे माड. बुकिंग सगळं फोनवर यायचं आणि काका ते वहीत लिहायचे. मी थोडंफार कोडिंग शिकलो होतो, त्यामुळे डिसेंबरच्या गर्दीआधी मोठ्या उत्साहाने त्यांना बुकिंगचं एक वेबपेज बनवून दिलं. पाहुण्याने फोनवर तारीख निवडायची, बटण दाबायचं, की काकांच्या फोनवरच्या यादीत नोंद हजर.

पुण्याच्या एका कुटुंबाने २५ डिसेंबरची खोली घेतली. काकांच्या यादीत मात्र नोंद पडली २४ डिसेंबरची. २४ तारखेला काका दिवसभर वाट बघत राहिले. संध्याकाळी फोन लावला तर लागेना. शेवटी दारात आलेल्या दुसऱ्या पाहुण्यांना त्यांनी दोन रात्रींसाठी ती खोली देऊन टाकली. आणि २५ला सकाळी कुडाळ स्टेशनवरून रिक्षा करून ते पुण्याचं कुटुंब, दोन लहान मुलं आणि एक आजी, अंगणात येऊन उभं राहिलं.

काकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय रे झिला, तुझो कॉम्प्युटर एक दिस आधी धावता काय?"

त्या रात्री आम्ही आमची स्वतःची खोली पाहुण्यांना दिली आणि पडवीत झोपलो. झोप काही लागली नाही, म्हणून मोबाईलवर चूक शोधत बसलो. ती सापडली तेव्हा कळलं की कोड मी चुकीचा लिहिला हे खरंच, पण भाषेनेही मला खड्ड्याजवळ नेऊन उभं केलं होतं. हा लेख त्या रात्रीतून आलाय. जावास्क्रिप्टच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये काय असायला हवं, त्यातलं काय येतंय आणि कशाची वाट बघावी लागणार आहे, ते आज समजून घेऊ. कोडिंग येत नसेल तरी वाचा, कारण ही भाषा तुमच्या फोनमध्ये दिवसभर चालू असते.

आधी थोडक्यात: ही भाषा आहे तरी काय?

वेबपेजवर जे काही हलतं, उघडतं, मोजतं ते बहुतेक जावास्क्रिप्टमुळे. तिकीट काढताना सीट हिरवीची लाल होते, फॉर्म भरताना "मोबाईल नंबर १० आकडी हवा" असा इशारा येतो, स्क्रोल करताना नवीन फोटो येत राहतात. या सगळ्यामागे तीच.

१९९५च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीतल्या ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला नमुना अवघ्या १० दिवसांत तयार केला. आधी तिचं नाव मोका होतं, मग लाइव्हस्क्रिप्ट झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जावास्क्रिप्ट. त्या काळी जावा या भाषेचा फार बोलबाला होता, म्हणून नावात जावा. बाकी दोन्ही भाषा वेगळ्या आहेत. १९९७ मध्ये एक्मा या संस्थेने तिचं प्रमाणित रूप प्रसिद्ध केलं. २०१५ मध्ये तिच्यात मोठी सुधारणा झाली आणि तेव्हापासून दर वर्षी नवीन आवृत्ती येते.

दहा दिवसांत बांधलेलं घर तीस वर्षांनीही वापरात आहे आणि आता त्यात जग राहतंय. त्यामुळे काही भिंती वाकड्या असणारच. माझ्या मागण्या त्या भिंतींबद्दलच्या आहेत.

मागणी १: तारीख म्हणजे तारीखच असू दे

माझी चूक काय होती ते आधी सांगतो.

जावास्क्रिप्टमध्ये 'डेट' नावाची एक वस्तू आहे. नाव तारखेचं असलं तरी ती तारीख नसते. तो काळातला एक नेमका क्षण असतो, अगदी मिलिसेकंदापर्यंत. पाहुण्याने २५ डिसेंबर निवडल्यावर माझ्या पेजने क्षण तयार केला: २५ डिसेंबर, रात्रीचे १२, भारतीय वेळ. ती नोंद पाठवताना मी जी नेहमीची पद्धत वापरली, ती हा क्षण जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत बदलून लिहिते. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे २५ची मध्यरात्र होते तेव्हा यूटीसीत २४ डिसेंबरचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. मी त्यातला फक्त तारखेचा भाग कापून घेतला. झालं! २५चे २४ झाले.

मग तपासताना मला हे दिसलं का नाही? कारण मी फक्त पाहुण्याच्या बाजूचं पेज बघत होतो. तिथे तोच क्षण परत भारतीय वेळेत दाखवला जात होता, म्हणून २५च दिसत होतं. काकांच्या यादीत काय पडतंय, ते मी पाहिलंच नाही.

यातली गंमत पुढे आहे. हीच चूक न्यूयॉर्कमधल्या मुलाने केली असती तर ती उघडकीलाच आली नसती. तिथली मध्यरात्र म्हणजे यूटीसीत त्याच तारखेची पहाट. तारीख बदलतच नाही. म्हणजे हा खड्डा ग्रिनिचच्या पूर्वेला राहणाऱ्यांसाठी आहे. उलट खड्डाही आहे. फक्त तारीख लिहिलेली ओळ 'डेट'ला वाचायला दिली, तर तो ती यूटीसीची मध्यरात्र समजतो. आपल्याकडे ती त्याच दिवशीची पहाटे साडेपाचची वेळ होते, म्हणून आपलं बिघडत नाही. अमेरिकेतल्या नातेवाईकाने तेच पेज उघडलं, तर त्याला आदला दिवस दिसू शकतो.

'डेट'च्या आणखी तीन खोडी ऐका:

१. महिने शून्यापासून मोजले जातात. जानेवारी म्हणजे ०, डिसेंबर म्हणजे ११. तुम्ही भोळेपणाने २०२५, १२, २५ असे आकडे दिलेत तर तो कुरकुर करत नाही, गुपचूप २५ जानेवारी २०२६ ही तारीख देतो.

२. ३१ जानेवारी २०२५ या तारखेचा महिना बदलून फेब्रुवारी केला, तर ३ मार्च येते. कारण ३१ फेब्रुवारी नाही, म्हणून तो उरलेले दिवस पुढे ढकलतो.

३. ती वस्तू जागच्या जागी बदलते. येण्याची तारीख घेऊन, तीच जाण्याची तारीख म्हणून ठेवली आणि तिच्यात दोन दिवस मिळवले, तर येण्याची तारीखही दोन दिवसांनी सरकते. दोन नावं, पण वस्तू एकच.

हे असं का? १९९५ मध्ये घाई होती, म्हणून जावा भाषेतली तारखेची व्यवस्था जवळपास जशीच्या तशी उचलली गेली. जावावाल्यांनी १९९७ मध्येच त्यातली बरीचशी साधनं "वापरू नका" म्हणून बाजूला काढली आणि २०१४ मध्ये पूर्ण नवी व्यवस्था आणली. आपण मात्र उसनी आणलेली जुनी चटई अजून अंथरतोय.

आता चांगली बातमी. यावर 'टेम्पोरल' नावाचा उपाय आला आहे. त्यात वेगवेगळ्या गोष्टींना वेगवेगळे प्रकार आहेत. नुसती तारीख हवी तर 'प्लेन डेट', ज्याला वेळ नाही आणि देशही नाही. नुसती वेळ हवी तर 'प्लेन टाइम'. काळातला नेमका क्षण हवा तर 'इन्स्टंट'. ठिकाणासकट वेळ हवी तर 'झोन्ड डेट टाइम'. महिने १ ते १२. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की २८ फेब्रुवारी. आणि वस्तू जागच्या जागी बदलत नाही, दर वेळी नवीन मिळते.

काकांची २५ डिसेंबर मी 'प्लेन डेट'मध्ये ठेवली असती, तर तिला साडेपाच तासांचा धक्का लागलाच नसता. वहीत लिहिलेली तारीख जशी असते, तशीच ती राहिली असती.

टेम्पोरलचा आराखडा मार्च २०२१ मध्येच जवळजवळ पक्का झाला होता. तरी फायरफॉक्सच्या १३९व्या आवृत्तीत तो यायला मे २०२५ उजाडला. वेळ लागला, कारण काम मोठं होतं. शिवाय ठिकाणासकट वेळ लिहायची पद्धत इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेकडून आधी पक्की करून घ्यावी लागली, आणि ती २०२४ मध्ये झाली. माझी मागणी एवढीच आहे की हे आता सगळ्या ब्राउझरमध्ये आणि सगळ्या फोनवर पोहोचावं. तोपर्यंत टेम्पोरल वापरायचं तर सोबत एक जास्तीची फाइल डाउनलोड करावी लागते. आमच्याकडे पावसात नेटवर्कचा एक दांडा असताना ती फाइल जड जाते.

मागणी २: स्वतः लिहिलेले आकडे स्वतःला वाचता येऊ देत

हे वाचून तुम्हाला हसू येईल.

जावास्क्रिप्टला "हा आकडा मराठीत दाखव" असं सांगितलं तर ती छान दाखवते. एक लाख तेवीस हजार चारशे छप्पन्न हे १,२३,४५६ असं, देवनागरी अंकांत आणि स्वल्पविरामही लाखाच्या जागी बरोबर. हे काम भाषेचा 'इंटल' नावाचा भाग करतो. त्याला लागणारी मराठीची माहिती युनिकोडच्या एका सामाईक भांडारातून येते.

पण आता तोच आकडा भाषेला परत वाचायला द्या. उत्तर येतं 'नॅन', म्हणजे "हा आकडाच नाही".

म्हणजे बाई सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहितात आणि तीच चिठ्ठी पुढे केली तर म्हणतात, "मला वाचता येत नाही." भाषेच्या मते आकडे म्हणजे फक्त इंग्रजी अंक. मजकुरात अंक शोधण्याची जी खूण वापरतात, तिलाही देवनागरी अंक दिसत नाहीत.

याचा त्रास कुणाला होतो? ज्याच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे त्याला. आमच्या पेजवर एका काकूंनी माणसांच्या रकान्यात "४" लिहिलं आणि पेज म्हणालं, "कृपया योग्य संख्या लिहा." त्यांनी पुन्हा ४ लिहिलं. पुन्हा तेच. शेवटी त्यांनी फोन करून विचारलं, "चार माणसं चालत नाहीत का तुमच्याकडे?"

यावर आजही उपाय आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. देवनागरी ० चा क्रमांक २४०६ आणि ९ चा २४१५. दहाही अंक ओळीने येतात. त्यामुळे अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की खरी किंमत मिळते. चार ओळींचं काम आहे आणि मी ते करून टाकलं. पण प्रत्येक मराठी, हिंदी, बंगाली, अरबी पेज बनवणाऱ्याने हे वेगवेगळं का लिहावं? दाखवण्याचं काम भाषेत आहे, तर वाचण्याचंही असायला हवं. सरकारी फॉर्म असो की दुकानाचं पेज, मराठी अंक लिहिल्याबद्दल माणसाला चूक ठरवलं जाऊ नये.

मागणी ३: पैशांचा हिशोब चोख असू दे

हे अनेकांनी मीममध्ये पाहिलं असेल. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले की उत्तर ०.३ येत नाही. येतं ०.३०००००००००००००००४.

हा दोष एकट्या जावास्क्रिप्टचा नाही. कॉम्प्युटर संख्या दोनच्या पटीत साठवतो: अर्धा, पाव, आठवा, सोळावा असे तुकडे. एक दशांश हा तुकडा त्यात नेमका बसत नाही. जसं आपण एक तृतीयांश लिहायला गेलो की ०.३३३३ असं लिहीतच राहतो, तसंच.

यातली मला आवडलेली गोष्ट सांगतो. मासळी बाजारात अजूनही लोक पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो मागतात. पाव, अर्धा, पाऊण हे दोनच्या पटीतले तुकडे आहेत, त्यामुळे तिथे कॉम्प्युटर एक कणही चुकत नाही. चुकतो तो १०० ग्रॅमवर, म्हणजे ०.१ किलोवर. आजीची मापं कॉम्प्युटरला जास्त मानवतात म्हणायची!

गंमत सोडा, पण बिलात ही कणभर चूक साठत गेली किंवा नेमक्या अर्ध्या पैशावर गोल करताना मध्ये आली, की रुपया-पैशाचा फरक पडतो. म्हणून जाणकार सगळा हिशोब पैशांत, म्हणजे पूर्णांकांत करतात आणि शेवटी शंभराने भागून रुपये दाखवतात. २०२० पासून भाषेत 'बिगइंट' आहे, पण तो कितीही मोठे असले तरी पूर्णांकच सांभाळतो. दशांश अपूर्णांकांसाठी 'डेसिमल' नावाचा प्रस्ताव मांडला गेला आहे, पण तो अगदी पहिल्या पायरीवर आहे. नवीन शिकणारा मुलगा पहिलं ॲप बनवतो ते बहुतेक वेळा हिशोबाचंच असतं. त्याला हा खड्डा माहीत नसतो. म्हणून ही गोष्ट भाषेतच यावी.

मागणी ४: मराठी अक्षर म्हणजे काय, हे भाषेला कळू दे

"सिंधुदुर्ग" या शब्दात किती अक्षरं? तुम्ही म्हणाल चार: सिं, धु, दु, र्ग. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ती म्हणते दहा. कारण ती स, वेलांटी, अनुस्वार, ध, उकार, द, उकार, र, हलन्त आणि ग असे सुटे भाग मोजते.

मग काय होतं? काही ॲपमध्ये फोटो नसेल तर गोलात नावाचं पहिलं अक्षर येतं, ते आठवा. प्राचीच्या गोलात "प्रा"ऐवजी "प" दिसतो आणि क्षमाच्या गोलात चक्क "क". बिचारी क्षमा क कशी झाली? कारण क्ष हा क, हलन्त आणि ष असा साठवलेला असतो आणि कोड लिहिणाऱ्याने पहिला तुकडा उचलला.

यासाठी 'इंटल सेगमेंटर' नावाचं साधन भाषेत आलेलं आहे. ते मजकूर माणसाच्या नजरेने तोडतं. पण तेही सगळीकडे सारखं वागत नाही. जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडने सप्टेंबर २०२३च्या १५.१ या आवृत्तीत घातला. त्याआधीच्या नियमांवर चालणारा फोन सिंधुदुर्गचे पाच तुकडे करतो, कारण तो "र्" आणि "ग" वेगळे काढतो. नवीन नियमांचा फोन चार करतो. एकच पेज, दोन फोन, दोन उत्तरं.

दुसरी अडचण शोधण्याची. "ॲप" आणि "अॅप" हे दोन शब्द नीट बघा. दिसायला सारखे, पण आत वेगळे. पहिल्यात ॲ हे एकच चिन्ह आहे, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसऱ्यात अ आणि वरचा चंद्र अशी दोन चिन्हं आहेत. जावास्क्रिप्टला विचारलं तर हे दोन वेगळे शब्द. म्हणजे तुम्ही एका कीबोर्डवर लिहून शोधलंत आणि लेख दुसऱ्या कीबोर्डवर लिहिलेला असेल, तर तो सापडेलच असं नाही. भाषेत मजकूर एकसारखा करून घेण्याची सोय २०१५ पासून आहे, पण ही जोडी तिच्या यादीतच नाही.

तिसरी अडचण आपल्या किनाऱ्यावरची. "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" म्हणजे डोंगरांमधल्या. रफार आणि अर्धा र यांच्यातला हा फरक आहे. हा अर्धा र टाइप करण्याचे दोन मार्ग आहेत: कुणी खाली टिंब असलेला ऱ वापरतं, कुणी साध्या र नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालतं. दिसतं सारखंच, भाषेला वाटतं वेगळं. आणि फरकाकडे दुर्लक्ष करून ढोबळ तुलना करायला जावं, तर दर्या आणि दऱ्या एकच ठरायची भीती. मला अशी तुलना हवी आहे, जिला दऱ्या लिहायच्या दोन्ही पद्धती एकच वाटतील, पण दऱ्या आणि दर्या वेगळेच वाटतील. मराठी शाळेतल्या चौथीच्या मुलाला हे कळतं. भाषेलाही कळावं.

मागणी ५: तिथी

ही मागणी जरा स्वप्नाळू आहे, पण सांगतो.

आमच्याकडचं वर्ष इंग्रजी तारखांवर कमी आणि तिथींवर जास्त चालतं. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, ती सरकारी तारीख. पण दर्याला नारळ द्यायला मालवण बंदरावर गर्दी होते ती नारळी पौर्णिमेला, आणि ती दर वर्षी वेगळ्या तारखेला येते.

जावास्क्रिप्टच्या 'इंटल'मध्ये ग्रेगोरियनशिवाय इतर दिनदर्शिकाही आहेत: हिब्रू, इस्लामी, चिनी. भारताची म्हणून एक आहे, ती शक राष्ट्रीय दिनदर्शिका, १९५७ मध्ये स्वीकारलेली. पण ती सूर्यावर चालते. तिच्यात चैत्र-वैशाख असले तरी तिथी नाहीत. नारळी पौर्णिमा कधी, हे तिला सांगता येत नाही.

तिथीची गणितं अवघड आहेत हे मान्य. तिथी चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावर ठरते आणि दिवसाची तिथी सूर्योदयाच्या वेळची धरतात. सूर्योदय गावागणिक बदलतो. शिवाय आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. पण चिनी दिनदर्शिकाही चंद्रावरच चालते आणि ती आत आलेली आहे. मग आपलीही येऊ शकते.

अर्थात, सगळंच भाषेने मोजावं असं नाही. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. ती कुठल्याच आवृत्तीत येणार नाही. ती गावातूनच कळणार आणि आपण हाताने भरणार. तेही छानच आहे.

मग जुन्या चुका सरळ दुरुस्त का करत नाहीत?

हा प्रश्न मलाही पडला होता. महिने शून्यापासून मोजणं चूक आहे ना, मग बदलून टाका!

तसं करता येत नाही. इंटरनेटवर २५-३० वर्षांपूर्वीची पेजं आजही चालू आहेत. त्यांनी त्या चुका धरूनच कोड लिहिलाय. उद्या भाषेने जानेवारीला १ केलं, तर त्या सगळ्या पेजांवरच्या तारखा एका रात्रीत सरकतील. म्हणजे जे माझ्या काकांचं झालं ते सगळ्या जगाचं होईल.

२०१८ मधला किस्सा प्रसिद्ध आहे. यादीतली यादी मोकळी करणारं एक साधन भाषेत येणार होतं, नाव ठरलं होतं 'फ्लॅटन'. पण मूटूल्स नावाच्या एका जुन्या लायब्ररीने त्याच नावाचं स्वतःचं साधन आधीच बसवलेलं होतं. नवीन आलं असतं तर तिच्यावर चालणाऱ्या जुन्या साइट मोडल्या असत्या. शेवटी भाषेने माघार घेतली आणि नाव 'फ्लॅट' ठेवलं. नियम साधा आहे: चालू असलेलं वेब मोडायचं नाही. म्हणून जुनं तसंच राहतं आणि शेजारी नवीन बांधलं जातं. 'डेट' तसाच राहणार, शेजारी 'टेम्पोरल' उभं राहणार.

नवीन गोष्ट भाषेत येते कशी?

हे काम एक्माची टीसी३९ नावाची समिती करते. ब्राउझर बनवणाऱ्या आणि वेबवर काम करणाऱ्या कंपन्या-संस्थांचे लोक तिच्यात असतात. निर्णय मतदानाने नाही, सर्वसहमतीने होतो. प्रत्येक प्रस्ताव पायऱ्या चढतो:

- पायरी ०: नुसती कल्पना.
- पायरी १: अडचण खरी आहे, विचार करू.
- पायरी २: उपायाचा आराखडा मान्य, तपशील लिहा. (पुढे २.७ अशी एक मधली पायरीही घातली गेली, चाचण्या लिहिण्यासाठी.)
- पायरी ३: आराखडा पक्का, ब्राउझरांनी बनवायला घ्या.
- पायरी ४: किमान दोन ठिकाणी बनून चाचण्या पास. आता पुढच्या वार्षिक आवृत्तीत जागा पक्की.

पायरी १ वर असलेली गोष्ट येईलच असं नाही. 'रेकॉर्ड आणि टपल' नावाचा लोकांना आवडलेला प्रस्ताव पायरी २ पर्यंत जाऊन २०२५ मध्ये मागे घेतला गेला. म्हणून "जावास्क्रिप्टमध्ये लवकरच येणार!" असा व्हिडिओ दिसला, की आधी पायरी कितवी ते बघा.

महत्त्वाचं म्हणजे हे सगळे प्रस्ताव उघड्यावर असतात. गिटहबवर कुणीही वाचू शकतं, अडचण लिहू शकतं. देवनागरी अंकांची किंवा दऱ्या-दर्याची अडचण ज्यांना रोज येते ते आपण आहोत. आपण लिहिलं नाही तर दुसरं कोण लिहिणार? उदाहरण नेमकं द्या: काय लिहिलं, काय अपेक्षित होतं, काय आलं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं.

तोपर्यंत काय करायचं?

तुम्ही शिकत असाल, तर माझ्या चुकीतून एवढं घ्या:

- नुसती तारीख साठवायची असेल तर वर्ष, महिना, दिवस असा मजकूर म्हणूनच साठवा. तिचा क्षण करू नका.
- पेज तपासताना दोन्ही टोकं बघा. पाहुण्याला काय दिसतं आणि मालकाच्या यादीत काय पडतं.
- अंक वाचण्याआधी देवनागरीचे इंग्रजी करून घ्या.
- पैसे पूर्णांकात, म्हणजे पैशांतच मोजा.
- मराठी शब्द तोडायचा तर सेगमेंटर वापरा. पहिला तुकडा उचलून "अक्षर" म्हणू नका.

काकांचं पेज आता नीट चालतं. मी तारखा मजकूर म्हणून साठवतो, आणि नोंद आली की पाहुण्याला काकांच्या यादीत पडलेली तारीखच परत दाखवतो, म्हणजे चूक असेल तर तिथेच दिसते. ते पुण्याचं कुटुंब पुढच्या वर्षी पुन्हा आलं. बुकिंग मात्र त्यांनी फोनवरच केलं!

काकांनी वही काही बंद केलेली नाही. ऑनलाइन नोंद आली की ते वहीतही लिहितात. मी विचारलं, तर म्हणाले, "माझ्या वहीत २५ लिवलंय तर २५च रवता."

पुढच्या आवृत्तीकडून मला एवढंच हवंय.